गोळीचं उद्यापन

रुक्माबाईनं एकदा ठरवलं की ठरलं. साखऱ्याहून ती बुधवारीच पुसेगावला येऊन ठेपली, पिशवी खुंटीला अडकवली, आणि चहा पिता पिता भावाच्या घराचा कारभार हातात घेतला. नवरा जाऊन जमाना झाला, डोक्याचे केस पांढरेशुभ्र झाले, पण तिचे भाऊ उकंडराव अजूनही अक्कापुढं ब्र काढत नसत. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. लक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन होणारच होतं. त्यातच भावजयीच्या, मंजुळाबाईच्या, गोळीचंही उद्यापन उरकून टाकायचं, असा अक्काचा हुकूम निघाला.

गोळीचं उद्यापन ऐकून कोणी हसेल. हसू नये. मंजुळाबाईला जुनी कावीळ निघाली, ती बी नावाची, आत लिव्हर पोखरणारी, तेव्हा तिचं पोट पाण्यानं टम्म फुगलं होतं आणि घरानं तिची आशा सोडली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली. रोज म्हणजे रोज, एकही खाडा नाही. घरात कोणाला विषाणू कळला नाही की लिव्हर कळलं नाही, पण नेम कळला. नेमानं करायची गोष्ट म्हणजे व्रत, आणि व्रत म्हटलं की कधीतरी त्याचं उद्यापन आलंच. या घराचं गणित हे असं होतं, आणि अकरा वर्षांत ते तपासून पाहायचं कोणाला सुचलं नाही.

गोळीनं मात्र आपलं काम चोख केलं. पोटातलं पाणी उतरलं. पायांची सूज गेली. जिला चौघांनी उचलून जीपमध्ये घातलं होतं ती मंजुळाबाई पुन्हा हळदीला पाणी द्यायला लागली, तुरीच्या शेंगा तोडायला लागली. गेल्या महिन्यात थोरल्या लेकानं, विजयकुमारनं, तिला नांदेडला तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात विषाणू दिसत नाही, लिव्हरचा कडकपणाही पुष्कळ उतरलाय, फार छान. तेवढ्यात विजयकुमारला सोयाबीनच्या व्यापाऱ्याचा फोन आला. तो बाहेर गेला. परत आला तो पेढे घ्यायच्या गोष्टी करतच.

डॉक्टरांचं पुढचं बोलणं फक्त मंजुळाबाईनं ऐकलं होतं.

"आजी, गोळी मात्र सोडायची नाही बरं का. विषाणू गेला नाही, दबून बसलाय. गोळी बंद केली की उठेल. आणि सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला यायचं."

"कव्हालोक घ्यायची?" तिनं विचारलं होतं.

"कायमची समजा."

मंजुळाबाईनं मान हलवली आणि बाहेर आली. जीपमध्ये बसल्यावर विजयकुमार म्हणाला, "माय, सुटलीस बघ तू." तिनं त्याच्याकडं पाहिलं. पोरगं किती दिवसांनी असं हसत होतं. घरी गेल्यावर सांगू असं मनाशी म्हणाली, आणि घरी तर उकंडराव दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "आता तुझं ताट आत घेऊ." त्यानंतर तिच्या तोंडून खरं निघणं अवघडच होतं.

त्या ताटाचं सांगायला हवं. दुखणं निघालं त्या वर्षी पुनमला, विजयकुमारच्या बायकोला, दिवस गेलेले, सातवा सरलेला. रुक्माबाईनं फर्मान काढलं, हिचं ताट वेगळं करा, घरात लेकरू येऊन राहिलंय. पुनमनं आपल्या तांबड्या नेलपॉलिशचा एक ठिपका ताटाच्या काठावर लावला, एक पेल्याला, एक चमच्याला. मग हळूहळू मंजुळाबाईचं पीठ मळणं बंद झालं, वाढणं बंद झालं, आणि जेवायला ओसरीचा कोपरा आला. नवं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा त्या घरालाही ओसरी ठेवली आणि ओसरीला कोपरा. कोणी तिला वेडंवाकडं बोललं नाही हो, खोटं कशाला सांगा. सगळे मायेनंच वागले. घासून घासून ठिपका पुसट झाला की तीच सुनेला म्हणायची, "बाटली आण माय, निशाणी चालली."

तिला काय पाहिजे होतं? जगणं तर गोळीनं दिलंच होतं. तिला पंगतीत बसायचं होतं. एकदा पुरणाची पोळी स्वतः लाटून लेकरांच्या ताटात टाकायची होती. नातीला, आरोहीला, एक घास भरवायचा होता. पोरगी दहा वर्षांची झाली तरी आजीच्या हातचं काही तिच्या पोटात गेलं नव्हतं. आणि उकंडराव पूर्वी अर्धा चहा बशीत ठेवून बशी तिच्याकडं सरकवायचे, ती बशी पाहिजे होती. एवढंसं मागणं. पण भरल्या घरात बसून एवढ्याशासाठी तिचा जीव तळमळायचा, रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला.

गोळी बंद केली की ताट आत येणार होतं. मग होऊ दे बंद, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

*

पुनमच्या हाताला सकाळपासून उसंत नव्हती. पुरण वाटून झालं, कटाची आमटी उकळायला लागली, आणि एक वाकडा विचार तिच्या मनातून काही जाईना.

"आई, नक्की बंद करायची ना हो गोळी?" सासू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली तेव्हा तिनं विचारलं. सासू उंबरा कधी ओलांडत नसे. "यांनी डॉक्टरला नीट विचारलं होतं का?"

"विज्यानं आपल्या कानानं ऐकलंय म्हणतो की."

"तुमी होता ना तिथं. तुमी काय ऐकलं?"

मंजुळाबाईनं परातीतल्या कणकेकडं पाहिलं. "कणीक जरा घट्ट झाली तुझी. तेलाचा हात लाव," म्हणाली आणि वळली.

पुनम कणकेला तेल लावत राहिली. आरोहीच्या जन्माच्या वेळी सिस्टरनं तिला सांगितलं होतं की बाळाला लस दिली, घरच्यांनीही घ्या, मग भिण्याचं कारण नाही, जेवणाखाण्यातून हे लागत नसतं. पुनमनं एकदा, आरोही चालायला लागल्यावर, सासूला म्हटलंही होतं, की आई, आता बसत जा आमच्यात. नेमक्या रुक्माबाई तेव्हा घरी होत्या. त्यांनी असा काही आकांत मांडला की पुनमनं पुन्हा तो विषय काढला नाही. सूनच ती, किती बोलणार. आता आपोआप सगळं सरळ होऊन राहिलंय तर आपण कशाला मध्ये पडायचं, असं तिनं स्वतःला समजावलं.

बाहेर मोटरसायकल थांबली. माऊली आला होता, धाकटा दीर, वसमतच्या हळदीच्या कारखान्यात सुपरवायझर. कपड्यांना कायम हळदीचा वास. एकटाच आला होता.

"जाई अन् तिची आई?" पुनमनं खिडकीतून विचारलं.

"जाईला सर्दी हाय, वहिनी."

माऊलीच्या घरी कोणाला ना कोणाला सर्दी असायचीच. त्याच्या बायकोला आणि तीन वर्षांच्या लेकीला या घरानं मोजून दोनदा पाहिलं होतं. लोक म्हणायचे, धाकट्याला शहराचं वारं लागलं. रुक्माबाई तर तोंडावर म्हणायची.

मंजुळाबाई लगबगीनं ओसरीच्या पायरीपर्यंत गेली. "आलास. जेवतो का रे?"

"जेवून आलो, माय."

वसमतहून निघून, हिंगोली ओलांडून, सकाळी अकराच्या आत पोचणारा कोण जेवून येतो? पण माऊलीचं हे उत्तर ठरलेलं होतं. दिवाळीला यायचा, पोळ्याला यायचा, पाणी प्यायचा, आणि जेवून आलेला असायचा. तरी मंजुळाबाई दरवेळी विचारायची. विचारताना तिचा चेहरा उजळायचा आणि उत्तर ऐकून पदर नीट करायची. आजही तिनं पदर नीट केला.

"आज थांब मात्र. आज मी पंगतीत बसणार हाय," ती म्हणाली. "आज तरी दोन घास खा."

"पंगतीत?" माऊली थबकला. "काहून, आज काय हाय?"

"देवाच्या पाया पड आधी," म्हणून ती आत सटकली.

*

देवापुढं कलश मांडलेला होता. लक्ष्मीचा मुखवटा, पाच फळं, गजरा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, हळदकुंकू वाहिलेली, झाकणावर झेंडूचं फूल ठेवलेली, गोळ्यांची पांढरी बाटली.

माऊली हात जोडायचं विसरून गेला. ती बाटली त्यानं झोपेतही ओळखली असती.

मागून आरोही आली. "काका, ती आजीची गोळी हाय. तिचं उद्यापन हाय आज. जेवणं झाले की पप्पा कयाधू नदीत सोडणार."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणाले. आजी बरी झाली ना."

माऊली तसाच परसात गेला. विजयकुमार केळीची पानं पुसत बसला होता, सवाशिणींसाठी.

"दादा, मायची गोळी कोणी बंद केली?"

"कोणी म्हणजे? डॉक्टरच म्हणाला, व्हायरस दिसत न्हाई."

"बंद करा म्हणाला का?"

विजयकुमारनं पान खाली ठेवलं. "दिसत न्हाई म्हणल्यावर कशाची गोळी घ्यायची? दहा वर्सं वर झाले, मीच नेऊन राहिलो तिला नांदेडला. तू कव्हा आलतास रे? एक डाव तरी संगं बसलास का दवाखान्यात? आन आता चांगलं झालं तर पाय आडवा घालतो."

यावर माऊलीकडं उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. दादा मायला घेऊन ज्या दवाखान्यात जायचा त्याच दवाखान्यात तो दुसऱ्या वारी जायचा. भेट होऊ नये म्हणून.

मायचं निघालं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही पोरांचं रक्त तपासायला सांगितलं होतं. विजयकुमारचं साफ निघालं. माऊली तेव्हा नांदेडला शिकत होता. त्याचं साफ नव्हतं. जन्मताना आईकडून आलं असणार, डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका. तो घाबरला नव्हता. घरी सांगायचं म्हणून त्याच शनिवारी पुसेगावला आला होता. ओसरीत पाऊल ठेवलं तर माय कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून जेवत होती आणि तिच्या ताटाच्या काठावर ताजा तांबडा ठिपका होता. अजून नीट वाळलाही नव्हता.

"तुझं काय निघालं रे?" विजयकुमारनं विचारलं होतं.

"निगेटिव्ह," माऊली म्हणाला होता.

तेव्हापासून या घरात तो जेवला नाही. आपला ठिपका लपवून यांच्या ताटात जेवायचं, म्हणजे मायला कोपऱ्यात एकटीला टाकायचं, हे त्याला जमलं नाही. आणि दुसरा ठिपका लावून घ्यायची छाती झाली नाही. परत जाताना औंढ्याच्या स्टँडावर गाडी लावायचा आणि भजे खायचा. मायच्या हातची पोळी आठवत खायचा, ते भजे कधी घशाखाली नीट उतरले नाहीत.

*

पाच सवाशिणी जेवून, ओट्या भरून घेऊन गेल्या. मग घरची पंगत बसली. उकंडराव मधल्या पाटावर बसले आणि शेजारच्या रिकाम्या पाटाकडं पाहून त्यांना उगीच लग्नातल्यासारखं लाजल्यासारखं झालं. म्हाताऱ्या माणसानं असं लाजू नये, पण झालं खरं.

त्या पाटापुढं कोरं ताट होतं. जुनं, ठिपक्याचं ताट रुक्माबाईनं पेल्याचमच्यासकट ओसरीत मोडीच्या डब्यात टाकून दिलं होतं.

मंजुळाबाई आली. हिरवं लुगडं नेसली होती. उंबरा ओलांडताना तिनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. पाटावर बसली. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला आरोही. पुनमनं पोळी वाढली, तूप सोडलं. मंजुळाबाईनं ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पोळीला हात घातला.

"माय, थांब."

दारात माऊली उभा होता. हातात देवापुढची बाटली.

"देवापुढची चीज उचलली व्हय रे?" रुक्माबाई म्हणाली. "वसमतला देवधरम सोडला का काय तू?"

"आत्या, ही देवापुढं ठेवायची चीज न्हाई. माय, आजची गोळी घेतली का?"

मंजुळाबाईची बोटं पोळीवरच होती.

"माऊल्या, जेवू दे तिला," विजयकुमार म्हणाला. "सांगितलं ना तुला."

"दिसत न्हाई म्हणजे गेला न्हाई, दादा. गोळीनं दाबून ठेवलाय त्याला. गोळी काढली की उठतो. मायचं लिव्हर पहिल्यापासून खराब हाय, तिला तर सहनच व्हायचं न्हाई."

"तू कव्हा डॉक्टर झालास?"

"कळमनुरीचा रामकिशन होता. त्याचंबी असंच साफ आलं. बरा झालो म्हणून गावजेवण दिलं त्यानं, गोळी टाकून दिली. चार महिने चांगला हिंडला. मग डोळे पिवळे झाले, मग माणूस ओळखंना. पंधरवड्यात गेला तो. चांगला धट्टाकट्टा, माझ्यासंगं लायनीत उभा राहून चहा पाजायचा मला."

"आमच्या घरात असलं अभद्र बोलू नको," रुक्माबाई म्हणाली. "आन गोळी चालू ठेवायची तर ती बरी झालीच न्हाई म्हण की. मग उठ मंजुळे. ताट घे आन बस बाहेर. घरात लेकरू हाय."

उकंडरावांना वाटलं, आता आपण बोलावं. आजवर शंभरदा वाटलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मंजुळाबाई बोलली, आणि ती रुक्माबाईशी बोलत नव्हती.

"कशाच्या लायनीत रे, माऊली?"

माऊलीनं हातातल्या बाटलीकडं पाहिलं.

"तू म्हणलास, तुझ्यासंगं लायनीत उभा राहायचा. कशाच्या?"

माऊलीनं बाटली मायच्या ताटाशेजारी ठेवली. मग तो ओसरीत गेला. डब्यात भांडी वाजली. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ठिपक्याचं ताट होतं. सदऱ्याच्या बाहीनं त्यानं ते पुसलं, ओसरीच्या कोपऱ्यात, जिथं माय बसायची तिथं, मांडी घालून बसला आणि ताट पुढं ठेवलं. दारातून सगळ्यांना दिसत होतं.

"वहिनी, यात वाढा," तो म्हणाला. "ह्या ताटावर माझाबी हक्क हाय, आत्या. मलाबी तेच हाय. मायबराबरच निघालं होतं. एका ठिपक्याचं काम न्हवतं, दोन लावायचे होते."

आमटी चुलीवर उतू गेली, तरी पुनमला भान नव्हतं.

मंजुळाबाई उठली. पंगतीतला पाट, कोरं ताट, तूप सोडलेली पोळी, ज्यासाठी ती जीव द्यायला निघाली होती ते सगळं तिथंच राहिलं. ती कोपऱ्यात लेकासमोर जाऊन बसली.

"मपल्या पोटातून आलं तुला," ती म्हणाली.

"पोटातून मी आलो, माय. ते संगं आलं. तुला काय ठाऊक होतं."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगायलाच आलतो. तू इथं बसली होतीस भिंतीकडं तोंड करून."

ती त्याच्याकडं पाहत राहिली. "म्हणून जेवून यायचास."

"कुठला जेवून येतो. उपाशीच यायचो. जाताना औंढ्याला भजे खायचो."

तेव्हा मात्र मंजुळाबाईला रडू आवरलं नाही. आजाराला ती अशी कधी रडली नव्हती. दरवेळी दारात उपाशी उभ्या असलेल्या लेकाला आपण पाणी पाजून परत पाठवत होतो, हे तिला सोसवेना.

"जाईला?" तिनं कसंबसं विचारलं.

"जाईला न्हाई. जलमल्या जलमल्या लस दिली तिला, तिच्या आईनं लग्नाआधी घेतली. दोघी साफ हायत. आम्ही तिघं एका ताटात जेवतो, माय. जेवणानं लागत न्हाई ते. रक्तानं लागतं."

"एका ताटात?" उकंडराव आतून म्हणाले. "म्हणजे ताटाचा काही संबंधच न्हवता?"

"न्हाई, आबा."

"मला कोणी सांगितलं होतं?" रुक्माबाई म्हणाली. "मी मपल्या जिवासाठी केलं का? ह्या पोरीसाठी केलं."

"मला सांगितलं होतं, आत्याबाई," पुनम म्हणाली. "सिस्टरनं सांगितलं होतं. मी तुमाला म्हणलेबी. तुमी ओरडलात आन मी गप बसले." ती नवऱ्याकडं वळली. "आन तुमाला एका फोनापुढं डॉक्टर पुरा ऐकवला न्हाई."

विजयकुमार मान खाली घालून बसला होता. "मला खरंच वाटलं, सुटली," तो म्हणाला. "डॉक्टर पुढं काय म्हणाला, माय? तू तर बसली होतीस तिथं."

मंजुळाबाईनं पदरानं तोंड पुसलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"सोडू नको म्हणाला. कायमची घे म्हणाला."

"मग काहून बोलली न्हाईस? मी कयाधूत टाकून आलो असतो की ती बाटली."

"टाकली असतीस तर टाकली असतीस. मला पंगतीत बसायचं होतं रे. अजून चार महिने जगले असते, पण दोन टायमाला तुमच्यात बसून जेवले असते. मला तेवढं पुरं होतं."

मग पाट सरकवल्याचा आवाज झाला. उकंडराव उठले होते. एका हातात स्वतःचं ताट, दुसऱ्या हातात पाट. गुडघे दुखत होते तरी कोणाची मदत घेतली नाही.

"कुठं निघालास?" रुक्माबाईनं विचारलं.

"जेवायला, अक्का," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत ते तिच्याशी इतकं कोरडं कधी बोलले नव्हते. ओसरीत येऊन त्यांनी कोपऱ्यात पाट टाकला आणि बायकोला म्हणाले, "सरक जरा."

त्यांच्या मागं आरोही आपलं ताट घेऊन आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही.

रुक्माबाई त्या दिवशी जेवली नाही. उपास आहे म्हणाली. विजयकुमारनं आग्रह करून पाहिला, पण ती पिशवी घेऊन संध्याकाळच्या गाडीनं साखऱ्याला निघून गेली. बाई वाईट नव्हती. तिला वाटलं ते तिनं केलं. पण अकरा वर्षांचं एकदम कबूल करायला माणसाला सवड लागते.

पुनम पोळी लाटायला बसली तर मागं सासू उभी. उंबऱ्याच्या आत. हात धुतलेले, पदर खोचलेला.

"उठ जरा," मंजुळाबाई म्हणाली. "सांगितलं होतं, कणीक घट्ट झाली म्हणून."

पुनम उठली. पहिली पोळी जरा फाटली, हाताची सवय गेली होती. दुसरी बरी झाली. तिसरी तव्यावर टम्म फुगली आणि आरोही ओसरीतून ओरडली, "ती मला." मंजुळाबाईनं ती तुपात बुडवून नेली, एक घास मोडला आणि नातीच्या तोंडात घातला. आरोहीचं तोंड भाजलं, पण तिनं घास काढला नाही.

माऊली ठिपक्याच्या ताटात जेवत होता. किती पोळ्या खाल्ल्या ते कोणी मोजलं नाही. शेवटी शेवटी मंजुळाबाई त्याच्यासमोर बसली आणि त्याच ताटात, त्याच पोळीचा तुकडा मोडून खाऊ लागली.

"तू कव्हा घेतोस गोळी?" तिनं विचारलं.

"रात्री. जेवल्यावर. हीच गोळी."

"आज माझ्यासंगं घे."

तिनं बाटली उघडली. झाकणावरचं कुंकू तिच्या बोटांना लागलं. दोन गोळ्या तळहातावर काढल्या. एक त्याला दिली, एक स्वतः तोंडात टाकली आणि पेल्यातलं पाणी प्याली. तोच पेला त्यानं तिच्या हातातून घेतला.

"रोज घेशील?" त्यानं विचारलं. "माय, मला बोलून दाखव. रोज घेशील का?"

"घेते."

"उद्यापन न्हाई आता."

"न्हाई. पण एकटीनं घ्यायचा लई कंटाळा येतो रे."

"दर गुरुवारी सुट्टी असते मला. जाईलाबी आणतो."

ऊन कलल्यावर तो निघाला. मंजुळाबाई पायरीपर्यंत आली. उकंडराव मागं बाजेवर चहा पीत बसले होते. अर्धा चहा त्यांनी बशीत काढून तिच्यासाठी झाकून ठेवला होता. माऊलीनं गाडीला किक मारली.

"येत्या गुरुवारी," ती म्हणाली.

"येतो."

"जेवून?"

माऊलीनं गाडीचा आवाज कमी केला.

"उपाशी येतो, माय."